ढेकर, शेण आणि वही : गोठ्यातला वायू कमी करताना

माझ्या गोठ्यात एके काळी १४ गाई होत्या. आता ११ आहेत, आणि महिन्याचं दूध जवळपास तेवढंच निघतं. हवामानाच्या काळजीपोटी मी हे केलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. चारा पुरत नव्हता, म्हणून केलं. त्या दिवसांत एका पशुवैद्यांनी कासदाहाचं इंजेक्शन देता देता सहज सांगितलं होतं, की गाईने खाल्लेल्या चाऱ्यातली सहा-साडेसहा टक्के ऊर्जा मिथेन होऊन तोंडावाटे निघून जाते. मी टोपलं तराजूवर ठेवल्याशिवाय गव्हाणीत चारा न टाकणारी बाई. शंभर टोपल्यांतली सहा हवेत, हा हिशेब काही डोक्यातून जाईना.

ही भानगड होते कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात. तिथले सूक्ष्मजीव चाऱ्यातला तंतू फोडतात, म्हणून तर गाय आपल्याला न पचणारं गवत पचवते. पण तंतू फुटताना हायड्रोजन सुटतो, आणि तो साठत गेला तर पचनच मंदावतं. मग दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय रवंथ करताना तो ढेकरातून सोडून देते. लोक गमतीने गाईच्या मागच्या बाजूला दोष देतात, पण पोटातल्या मिथेनचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तोंडाकडूनच जातो.

दुसरी वाट शेणाची. पाण्यात, हवा न लागता कुजणारं शेण मिथेन सोडतं. तिसरी मूत आणि खताची. त्यातला नायट्रोजन जमिनीत किंवा ढिगात फिरताना नायट्रस ऑक्साइड होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन २७ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोएवढी. मिथेन हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो, म्हणून तो आज कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२३च्या अहवालात माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे १२ टक्के वाटा पशुपालनाचा धरला आहे.

हे तीन मार्ग एकदम लक्षात ठेवा. मी ते ठेवले नाहीत आणि एक दार बंद करताना दुसरं सताड उघडं टाकलं. ते पुढे सांगतेच.

आधी वही

कुठलंही औषध, भुकटी किंवा यंत्र घेण्याआधी एक वही घाला. प्रत्येक गाईचं एक पान. व्यायल्याची तारीख, माजाच्या तारखा, रेतन, आटवल्याची तारीख, आजारपण, आणि आठवड्यातून एकदा सकाळ-संध्याकाळचं मोजलेलं दूध. एवढंच.

आता अंदाजाचा एक आकडा पाठ करून टाका : गाय एक किलो कोरडा पदार्थ खाते तेव्हा साधारण २० ग्रॅम मिथेन सोडते. कोरडा पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरलेलं वजन. दुभती गाय दिवसाला १२ किलो कोरडा पदार्थ खात असेल तर २४० ग्रॅम, वर्षाला सुमारे ८८ किलो मिथेन. २७ने गुणलं की एका गाईचे नुसते ढेकरच वर्षाला २.४ टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास जातात.

माझ्या वहीतलं चांदीचं पान बघून मी पहिल्यांदा दचकले. गुणाची गाय, धारेला शांत, म्हणून तिच्याकडे कधी बारकाईने पाहिलंच नव्हतं. दोन वेतांतलं अंतर निघालं अठरा महिने. शेजारच्या पानावरची गाय तेरा महिन्यांत वेत देत होती. दोघींचं वेताचं दूध सारखंच, ३०५ दिवसांत ३,००० लिटरच्या आसपास. भाकड दिवसांत गाय कमी खाते, समजा ९ किलो, म्हणजे १८० ग्रॅम मिथेन. मांडा हिशेब. तेरा महिनेवालीला एका वेतामागे ३०५ दिवस दुधाचे आणि ९० कोरडे : मिथेन साधारण ८९ किलो, लिटरमागे ३० ग्रॅम. चांदीचे कोरडे दिवस २४३ : मिथेन ११७ किलो, लिटरमागे ३९ ग्रॅम. चाऱ्याचा प्रकार तोच, दूध तेवढंच, आणि वायू जवळजवळ एक तृतीयांश जास्त.

चांदीला कसलाही रोग नव्हता. तिचा माज रात्री यायचा आणि ओसरायचा, तो आमच्या ध्यानात येत नव्हता. म्हणून रात्री नऊच्या सुमारास गोठ्यात वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, हा नियम घातला. आजवर मी केलेल्या सगळ्या उपायांत याला खर्च सर्वांत कमी आला.

वहीतून बाकी जे निघतं ते ओळखीचंच आहे, लांबवत नाही. कालवड २४-२६ महिन्यांत पहिल्यांदा व्यावी. ती तीन वर्षं नुसती वाढत राहिली तर ते सगळे ढेकर बिनदुधाचे. वासरांना वेळेवर जंत-औषध. धारेआधी आणि धारेनंतर सड स्वच्छ, म्हणजे कासदाह कमी. सावली आणि समोर चोवीस तास पाणी, कारण तहानलेली गाय आधी खाणं सोडते, मग दूध. आणि एक गाय सहा-सात वेतं टिकली तर तिच्या जागी नवी वाढवण्याचा वायू वाचतो.

इथे स्वतःला फसवायला फार जागा आहे. लिटरमागचा वायू कमी झाला म्हणून गोठ्याचा एकूण वायू कमी होतोच असं नाही. दूध वाढलं म्हणून आणखी दोन गाई आणल्या तर बेरीज होती तिथेच. आणि भाकड गाय विकून आकडा सुधारला असं म्हणणंही तितकंसं खरं नाही; ती दुसऱ्याच्या दावणीला ढेकर देतच असते. माझ्या तीन गाई कमी झाल्या त्या म्हाताऱ्या होऊन गेल्यावर त्यांच्या जागा भरल्या नाहीत म्हणून.

गव्हाणीत काय बदलायचं

जून, काड्या झालेला चारा गाय खाते, पण त्यातलं दूध कमी आणि वायू जास्त. तंतू जितका चिवट, तितका हायड्रोजन जास्त सुटतो. पिठूळ आणि कोवळ्या चाऱ्यातून पोटात वेगळं आम्ल तयार होतं, आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. म्हणून पहिला उपाय विळ्याचा : चारा वेळेवर कापा. गवत फुलोऱ्याला येता येता. मका मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी, कापायचा तर दाण्यातली दुधाची रेघ (वरचा घट्ट भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यातली सीमा) अर्ध्यावर उतरली की. तेव्हा कोरडा पदार्थ ३०-३५ टक्के असतो. मुरघास भरताना थरावर थर इतका दाबायचा की टाच रुतता कामा नये.

वाळका पेंढाच खाऊ घालायची वेळ असेल तर त्याची कुट्टी करा आणि युरियाची प्रक्रिया द्या. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरायचा, झारीने सारखं शिंपडायचं, पायांनी तुडवायचं, वर पुढचा थर. शेवटी प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करून तीन आठवडे हात लावायचा नाही. उघडलं की अमोनियाचा भपका डोळ्यांतून पाणी काढतो, तो उडून जाईपर्यंत रोजचा पेंढा पसरून ठेवायचा आणि मगच घालायचा. युरियाचा खडा न विरघळता राहिला तर जनावर दगावू शकतं, सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा द्यायचाच नाही, आणि ज्या ड्रममध्ये द्रावण केलं त्यात गाईने तोंड घालता कामा नये. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

खुराक, म्हणजे धान्य आणि पेंड, वाढवला की मिथेन घटतो, हे खरं. पण गाय काही खुराकावर जगण्यासाठी बनलेली नाही. अचानक धान्य वाढवलं की पोट आंबट होतं, गाय रवंथ सोडते, खूर दुखायला लागतात. वाढवायचं ते दहा-पंधरा दिवसांत हळूहळू, आणि रवंथावर लक्ष ठेवून. दुपारी निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर मी चिंता करत नाही. तेलबिया किंवा तेलकट पेंड घातल्यानेही मिथेन कमी होतो, पण एकूण आहारात स्निग्धांश ६ टक्क्यांपुढे गेला की तंतूचं पचनच बिघडतं.

प्रथिनांबाबत आपला हात उगाच सैल असतो. जास्त पेंड म्हणजे जास्त दूध, अशी समजूत. गाईला जेवढी लागतात त्याच्या वरची प्रथिनं मुतातून युरिया म्हणून बाहेर येतात, आणि तोच पुढे अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड. दुधाची तपासणी करून घेता येते : १०० मिलिलिटर दुधात युरिया नायट्रोजन १० ते १४ मिलिग्रॅम असेल तर ठीक. माझं पहिल्यांदा १९ आलं होतं. पेंड रोज गाईमागे अर्धा किलोने कमी केली. दूध हललंसुद्धा नाही. पहाटे गोठ्याचं दार उघडताना नाकात जो उग्र वास घुसायचा, तो मात्र पंधरा दिवसांत उतरला.

नव्या पदार्थांबद्दल सगळे विचारतात. ३-नायट्रॉक्सीप्रोपेनॉल नावाचं रसायन मिथेन करणाऱ्या जिवांचं शेवटच्या पायरीचं विकर (एन्झाइम) अडवतं. दिवसाला चिमूटभर देऊन दुभत्या गाईत सुमारे ३० टक्के घट मिळते. युरोपीय संघाने त्याला २०२२मध्ये आणि अमेरिकेने २०२४मध्ये मान्यता दिली. पण ते रोज, प्रत्येक घासात सारखं मिसळावं लागतं. कालवून दिलेल्या आहारावरच्या गोठ्याला ते जमतं. चरायला जाणाऱ्या गाईला कसं देणार? अ‍ॅस्परागोप्सिस हे लाल समुद्री शेवाळ प्रयोगांत याहून जास्त घट दाखवतं, पण त्यातला ब्रोमोफॉर्म साठवणीत उडून जातो आणि काही गाई त्याच्या वासाने गव्हाणीतून तोंड काढून घेतात. माझं मत विचाराल तर वही, कापणीची वेळ आणि पेंडीचं माप जमेपर्यंत यांच्या मागे लागू नका.

शेण : इथे मी चुकले

माझ्याकडे आधी एक खड्डा होता. गोठा धुतलेलं पाणी, शेण, मूत, उरलेली वैरण, सगळं त्यात. उन्हाळ्यात त्याच्यावर बुडबुडे यायचे, मुलं ते मोजत बसायची. तो मिथेनच. हवा नाही, पाणी भरपूर, वर ऊन. मिथेन करणाऱ्या जिवांना याहून चांगली जागा नाही.

मग मला कुणीतरी सांगितलं, झाकून टाक. मी ओल्या शेणाचा ढीग रचला आणि त्यावर जाड ताडपत्री घट्ट बांधली. महिन्याने ढिगात सळई खुपसली तर ती आत गारच, बाहेर काढली तेव्हा टोकाला काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा लगदा. झाकून मी आतली हवाच संपवली होती. रागाच्या भरात ढीग रोज उलटायला लागले. मिथेन कमी झाला असेल, पण ढिगावर उभं राहवत नव्हतं इतका अमोनिया उडत होता, म्हणजे खतातला नायट्रोजन गेला तो गेलाच. एक दार बंद, दुसरं उघडं, म्हटलं ते हे.

आता करते ते असं. पहिलं, मूत आणि शेण वेगळं. शेणातलं एक विकर मुतातल्या युरियाचा अमोनिया करतं, दोघं भेटलेच नाहीत तर निम्मं काम झालं. गोठ्याच्या फरशीला उतार, मागे नाली, नालीतून मूत बंद टाकीत. शेण दिवसातून दोन-तीनदा उचलायचं. आणि आधी खरवडायचं, मग धुवायचं. तेही कमी पाण्यात. जितकं पाणी जास्त, तितका पुढचा सगळा ताप जास्त.

दुसरं, शेण कोरड्याशी मिसळायचं. एक टोपलं शेण, एक टोपलं वाळका पाला किंवा पेंढा, असे थर. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५-३०ला एक हवं म्हणतात. ते मोजायला जाऊ नका, मूठ दाबून बघा. मिश्रण घट्ट आवळलं की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण थेंब पडू नये. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर स्वतःच्याच वजनाने आतून दाबला जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी काढली की हातात धरवत नाही इतकी तापते. थर्मामीटर असेल तर ५५ ते ६५ अंश. ती गार पडायला लागली की उलटायचं, साधारण दहा-पंधरा दिवसांनी. रोज नाही. पावसात वरून आडोसा, पण बाजू उघड्या. शेवटी पिकलेलं, थंड झालेलं खत मात्र झाकायचंच.

ज्यांच्याकडे पातळ शेणकाल्याची मोठी टाकी आहे त्यांनी ढिगाचा विचार सोडून टाकीचाच करावा. झाकण घाला. ऊन तापायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, तळाशी जुना काला ठेवू नका; तो विरजणासारखं काम करतो आणि नव्या शेणात मिथेन लवकर सुरू होतो. डुकरांच्या गोठ्याला हे जास्तच लागू, कारण डुक्कर ढेकरातून फारसं काही सोडत नाही, त्याचं सगळं शेणातच. आणि टाकी ढवळताना आत उतरू नका, वाकून बघूही नका. ढवळलं की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, जास्त झाला की त्याचा वाससुद्धा येत नाही, आणि पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही पडतो.

बायोगॅस असेल तर उत्तम, पण चांगला चालत असेल तरच. २५ किलो ताज्या शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, त्यात ५५-६० टक्के मिथेन. तो चुलीत जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, जो चाऱ्याने हवेतूनच घेतला होता. गळला तर मात्र आपणच यंत्र लावून मिथेन तयार केल्यासारखं. आमच्या संयंत्राला रोज १०० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एका हिवाळ्यात ज्योत बारीक झाली, मी समजले थंडीमुळे. खरंच थंडीत गॅस कमी होतो, म्हणून दोन महिने बघितलंच नाही. मग मुलाने भांडी घासायच्या साबणाचा फेस करून ब्रशने नळीच्या प्रत्येक सांध्यावर लावला. तिसऱ्या सांध्यावर फेसाचा एक फुगा हळूहळू लिंबाएवढा झाला, फुटला आणि पुन्हा फुगायला लागला. दोन चकत्या बदलल्या, विषय संपला. नंतर हिशेब केला : चार घनमीटरमधला दहावा भाग वर्षभर गळला असता तर ५८ किलो मिथेन, म्हणजे एका गाईच्या वर्षभराच्या ढेकरांच्या दोन तृतीयांश. तेव्हापासून दर महिन्याला फेस.

आणखी दोन गोष्टी. वापरापेक्षा गॅस जास्त होत असेल तर तो सोडून देऊ नका. शेण कमी टाका किंवा एक शेगडी जास्त पेटवा. आणि संयंत्रातून बाहेर पडणारा काला अजून काही दिवस गॅस सोडत असतो, त्याची कुंडी उघडी ठेवू नका.

शेतात टाकताना

खत शेतात गेलं की आपण हात झटकतो, पण नायट्रस ऑक्साइडचा मोठा हिस्सा तिथेच निघतो. पाणी साचलेल्या मातीत नायट्रोजन पडला की मातीतले जीव हवेअभावी तोच वापरतात आणि वायू सोडतात. म्हणून मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर मी खत टाकत नाही, आणि पीक वाढीला लागण्याच्या फार आधीही नाही. पातळ काला असेल तर हवेत उडवत फवारायचा नाही, जमिनीलगत ओतायचा, वारा नसताना, संध्याकाळी. घन खत टाकलं की त्याच दिवशी, जमेल तर चार तासांच्या आत, मातीत मिसळायचं. शेणखतातून जेवढा नायट्रोजन गेला तेवढा रासायनिक खतातून वजा करायचा. दोन्ही पुरेपूर टाकणाऱ्यांच्या शेतातून निघतो तो वायू कुणाच्याच कामाचा नाही.

गाडी भरायच्या आधी मी बागेतल्या मातीचा एक गोळा हातात घेते. दाबल्यावर तो चिकटून राहिला, बोटाने ढोसलं तरी फुटला नाही, तर माती अजून फार ओली आहे. मग गाडी उभीच राहते, दोन दिवस, कधी चार.